कोलंबोचं नवीन कॅसिनो रिसॉर्ट, कंपनीची डीलर टूर आहे, बायकोला न्यावं का? कोणी जाऊन आलंय का?

द्राक्षपट्टा

नमस्कार मंडळी. आमचं पिंपळगाव बसवंत साईडला कृषी सेवा केंद्र आहे, औषधं, खतं, बियाणं सगळं. एका कंपनीचं टार्गेट या वर्षी पूर्ण झालं, खरं सांगायचं तर पाऊस थांबेचना म्हणून द्राक्षावरच्या डाऊनी रोगाची औषधं धडाधड गेली, त्यात आमचं कर्तृत्व कमी आणि ढगांचं जास्त. तर स्कीममध्ये जोडीने फॉरेन टूर लागलीये. दरवेळी बँकॉक-पट्टाया असतं, या वेळी कोलंबो. सिटी ऑफ ड्रीम्स म्हणून नवीन मोठं रिसॉर्ट झालंय ना, तिथेच मुक्काम आणि त्यातच कॅसिनो.

आता अडचण अशी की मी पत्ते खेळतो ते फक्त दिवाळीला, पाच-दहा रुपयाची तीन पत्ती, घरातल्या घरात. आणि आमच्या सौ. माळकरी, माहेर पंचवटीतलं, त्यांचं म्हणणं सीतामाईला रावणाने आमच्याच गल्लीतून उचलून तिकडं नेलं होतं, मी काय आपल्या पायाने जात नसते. आई मात्र म्हणते जा आणि अशोक वाटिका बघून या. ग्रुपवर बाकीच्या डीलर लोकांचं वेगळंच चालू आहे, एक जण म्हणतो इथेच नाशकात कॅश द्यायची, तिकडे गेल्यावर तेवढ्याच्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, मिळतात आणि रूम अपग्रेड फ्री. हे काय प्रकरण असतं? जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा, जागा कशी आहे, न खेळणाऱ्या माणसाने तिथे करायचं काय, आणि शाकाहारी जेवणाचं कसं.

गोदाकाठ

दादा आधी अभिनंदन, टार्गेट पूर्ण होणं म्हणजे काय असतं ते आमच्या मेहुण्याला विचारा, त्याची स्कीम दर वर्षी दोन पेट्यांनी हुकते.

मी राहून आलोय, आम्ही स्वखर्चाने गेलो होतो. मुंबईहून डायरेक्ट फ्लाईट अडीच तासाची, आणि आता इगतपुरी ते आमणे समृद्धी जून २०२५ पासून चालू झाल्यामुळे कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगेत अडकायचं टेन्शन गेलं. भिवंडीनंतर मात्र जे व्हायचं तेच होतं, तेवढा वेळ हातात ठेवा.

जागेचं म्हणाल तर दोन वेगळी हॉटेलं एकाच इमारतींच्या समूहात आहेत हे लक्षात घ्या. सिनॅमन लाईफ म्हणून मोठं आहे, ६८७ खोल्यांचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलं. दुसरं नुवा, ११३ खोल्या, जास्त पॉश, ते आणि कॅसिनो ऑगस्ट २०२५ मध्ये. कंपनीने दोन्हीपैकी कुठे बुकिंग केलंय ते आधी विचारा कारण ग्रुपवाले नुसतं सिटी ऑफ ड्रीम्स म्हणतात. श्रीलंकेची जॉन कील्स आणि मकाववाली मेल्को अशी भागीदारी आहे, एक अब्ज डॉलरच्या वर खर्च केलाय आणि तो दिसतो. इमारतीचं डिझाईन सेसिल बालमंडचं, तो मूळचा श्रीलंकेचाच. आत पाऊल टाकलं की पहिले दहा मिनिटं आपण नुसते वर बघत चालतो, बायको म्हणाली खाली बघा, पडाल.

माझं मत विचाराल तर हॉटेल म्हणून एक नंबर. रिसॉर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर झाडं, झोके, लॉन येतं तसलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका, हे भर शहरात उभं असलेलं काचेचं गाव आहे. समुद्र खिडकीतून दिसतो पण पाय भिजवायचे तर बाहेर पडावं लागतं. तेच चांगलंय खरं तर. संध्याकाळी गॉल फेसला जा, मोठं मैदान आहे समुद्राला लागून, पोरं पतंग उडवतात, गाड्या लागतात खाण्याच्या. वहिनींना एक सांगून ठेवा, तिथे मसूरडाळीचा वडा म्हणून जे दिसतं त्यावर आख्खी कोळंबी चिकटवलेली असते, सालासकट. इस्सो वडे म्हणतात त्याला. लांबून अगदी आपला डाळवडा वाटतो. माझ्या आईने हात पुढे केलाच होता, गाडीवाल्याने स्वतःच विचारलं वेज?

शाकाहारीसाठी वेल्लवत्ते भाग, तिथे तमिळ लोकांची शुद्ध शाकाहारी हॉटेलं ओळीने आहेत, इडली डोसा भात रस्सम, पोट गच्च भरतं. रिक्षा रस्त्यावर हात करून घेऊ नका, पिकमी ॲप टाका, भाव आधी दिसतो. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे साडेतीनच्या आसपास, त्यामुळे बिल बघून आधी धसका बसतो मग भागाकार करून बरं वाटतं.

आणि हो, तारखा पौर्णिमेला येतायत का बघा. त्यांच्याकडे दर पौर्णिमेला पोया म्हणून सुट्टी असते आणि त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद. तुमच्या डीलर मंडळींना हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर विमानतळावरच रडारड.

मंगला_एक्सप्रेस

गोदाकाठ भाऊंनी हॉटेलचं सांगितलं, मी कॅसिनोचं सांगतो. नाशिकरोडहून मंगलाने मडगाव ही आमची एके काळची नेहमीची वारी होती त्यामुळे गोव्याचं जास्त माहिती आहे, कोलंबोला एका लग्नाच्या निमित्ताने जाऊन आलो. तत्त्व सगळीकडे एकच.

गोव्यात एन्ट्रीच्या पैशात जेवण, दारू आणि थोडे चिप्स येतात. ते चिप्स फुकट वाटतात पण ते वन टाईम प्ले असतात, म्हणजे कॅशिअरकडे देऊन पैसे मिळत नाहीत, लावावेच लागतात. एकदा लावले की तुम्ही टेबलावर उभे राहिलात, त्यांचं काम झालं. कोलंबोतल्या कॅसिनोंमध्ये आपल्या लोकांसाठी तीन पत्ती, अंदर बाहर सगळं मिळतं, हिंदी बोलणारं कोणीतरी भेटतंच, चहा हवा का विचारतात, साहेब म्हणतात. दुकानात आपण गिऱ्हाईकाला चहा पाजतो ना युरियासोबत झिंक घ्यावं म्हणून, अगदी तेच.

बघायचंच असेल तर बाकाराच्या टेबलाजवळ थोडा वेळ उभं राहा, बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजूंपैकी एकीवर पैसे लावायचा पत्त्यांचा खेळ असतो तो. लोक पत्ता सरळ उलटत नाहीत. दोन्ही हाताने झाकून टेबलावर दाबून धरतात, कोपरा किंचित दुमडून बाजूने किती ठिपके दिसतात ते बघत बघत मिलीमीटरने उघडतात, आणि मागे उभे असलेले चार अनोळखी लोक श्वास रोखून. पत्ता दुमडल्यामुळे पुढच्या खेपेला चालत नाही, फेकून देतात. बाजूला छापील कार्ड आणि पेन ठेवलेलं असतं, मागचे निकाल लिहायला. माणसं इतक्या गंभीरपणे लिहितात की वाटतं तलाठी पीकपाहणीला आलाय. मागच्या निकालाचा पुढच्याशी काडीचा संबंध नसतो तरी पेन मात्र कॅसिनोवालाच फुकट देतो, यातच काय ते समजा.

आता तुमच्या ग्रुपवरचं ते नाशकात कॅश द्या तिकडे चिप्स घ्या. दादा याच्या जवळ जाऊ नका. हे एजंट लोक असतात, त्यांना कमिशन मिळतं तुम्ही किती रक्कम फिरवली त्यावर. चिप्स देतात ते रोलिंगचे, म्हणजे परत कॅश होत नाहीत, खेळून जिंकलात तर जिंकलेले साधे चिप्स मिळतात, ते देऊन पुन्हा रोलिंगचे घ्यायचे, असं ठरलेल्या आकड्यापर्यंत फिरवत बसायचं. आणि खरी मेख पुढे आहे. रात्री दीड वाजता तुमचे संपले की तोच एजंट म्हणतो काही काळजी नको शेठ, अजून दोन लाख घ्या, नाशकात गेल्यावर बघू. नात्यातल्या एका माणसाचं असंच झालं, कांद्याचा व्यापार, मोठी उलाढाल, गोव्यात तीन दिवसात जे घेतलं ते फेडायला चाळीतला माल भाव नसताना काढावा लागला. घरच्यांना माल का काढला ते कळायला महिना गेला. वसुलीला येणारे लोक बँकेचे नसतात एवढंच लिहितो.

जुना_गणित_मास्तर

रोलिंगचा हिशोब कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो, रिटायर झाल्यापासून फळा मिळत नाही.

रुलेटच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ खाने. समजा सगळ्या खान्यांवर शंभर-शंभर लावले, ३,७०० रुपये. एक खाना लागणारच. त्याचे ३५ पट म्हणजे ३,५०० आणि तुमचे लावलेले शंभर, एकूण ३,६०० हातात. म्हणजे प्रत्येक फेरीत शंभर रुपये त्यांचे, नशिबाचा प्रश्नच नाही. २.७ टक्के झाले हे. ज्या चाकावर ० सोबत ०० पण असतो तिथे ३८ खाने आणि पैसे तेवढेच, म्हणजे ५.२६ टक्के. बसण्याआधी चाकावर शून्य किती ते मोजा.

बाकारा दिसायला स्वस्त, बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. टायवर, म्हणजे बरोबरीवर, मात्र चौदाच्या वर, त्याला हातच लावू नये. आता मंगलाभाऊंचा एजंट म्हणाला समजा पाच लाख पाच वेळा फिरवा, रूम फ्री. पंचवीस लाखाचे सव्वा टक्क्याने धरा साधारण तीस हजार. हे सरासरी झालं, प्रत्यक्षात पाचचे सात होतील किंवा शून्य होईल. पण त्यांना तुमच्याशी घेणं नाही, त्यांना सरासरीशी आहे, रोज शेकडो माणसं बसतात तेव्हा सरासरी येतेच येते. तुमच्या फ्री रूमचं भाडं त्या तीस हजारात निघालं आणि वर उरलं.

ओझरवाला

तुम्ही सगळे उगाच घाबरवताय त्यांना. माणूस आयुष्यात एकदा जातोय, पाच हजार घेऊन बसू द्या की तासभर, मजा असते, गेले तर गेले. आपण लग्नात डीजेला किती उडवतो? आणि मी तर म्हणतो असं एखादं नाशकात व्हायला पाहिजे गंगापूर धरणाच्या बाजूला, वायनरी आहेतच, विकेंडला मुंबई-पुण्याची गर्दी आहेच, आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील. सगळा पैसा गोव्याला आणि आता श्रीलंकेला चाललाय.

सीए_नाशिकरोड

ओझरवाले, महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ सालीच झाला होता, नियंत्रण आणि कर दोन्ही त्यात होतं, पण एकाही सरकारने तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. त्यामुळे गंगापूरचं स्वप्न तूर्त विसरा. आणि एक गोष्ट बघा, गोव्यात खुद्द गोवेकरांना २०२० पासून कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. श्रीलंकेतही त्यांच्या नागरिकांना आत जायचं तर सरकारी फी भरावी लागते, आपल्याला नाही. स्वतःच्या माणसाला दारात अडवायचं आणि पाहुण्याला या बसा म्हणायचं, यावरून पाहुण्याने काय ते ओळखावं.

आता मूळ प्रश्नकर्त्यांसाठी, कारण हे कोणीच लिहिलं नाही. तुमची टूर फुकट नाही. जुलै २०२२ पासून आयकराचा १९४आर म्हणून ओळखला जाणारा नियम लागू आहे, धंद्यातून मिळालेला असा लाभ वर्षाला वीस हजाराच्या वर गेला की कंपनीने १० टक्के टीडीएस बघायचा असतो. फॉरेन टूर त्यात येते, वहिनींचा खर्चसुद्धा त्यातच येतो. कंपनी एकतर तुमच्याकडून तेवढी रक्कम मागेल किंवा स्वतः भरेल, पण टूरची किंमत तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसणार आणि धंद्याच्या उत्पन्नात धरावी लागणार. माझ्याकडे दर वर्षी जुलैमध्ये दोन-तीन कृषी सेवा केंद्रवाले येतात, साहेब हे लाख-दीड लाख कुठून आले एआयएसमध्ये, मी तर घेतले नाहीत. घेतले नाहीत, फिरून आलात.

जिंकलात तर त्यावर सरळ ३० टक्के अधिक सेस. पहिल्या रात्री एक लाख जिंकले आणि दुसऱ्या रात्री दीड लाख हरले तरी हरलेले वजा मिळत नाहीत. पैसा परदेशात जिंकला म्हणून सुटत नाही, आपण इथले रहिवासी आहोत तर जगातलं कुठलंही उत्पन्न इथे दाखवायचं.

आणि ते नाशकात कॅश, कोलंबोत चिप्स, त्याला मराठीत हवाला म्हणतात. लॉटरी, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी पैसे बाहेर पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमात सरळ मनाई आहे, बँकाही जुगाराचे व्यवहार कार्डावर बहुतेक नाकारतात, म्हणूनच तर हा चोरवाटेचा धंदा चालतो. खर्चाला फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर, पावतीसकट घ्या. खतांचं लायसन्स आहे तुमचं, जीएसटी आहे, कशाला नसती चौकशी मागे लावून घेता.

कॉलेजरोडची_वहिनी

सगळ्या पुरुषांनी टक्केवारी सांगून झाली असेल तर मी बोलते, कारण प्रश्न बायकोला न्यावं का असा आहे.

आमचे हे हार्डवेअरमध्ये आहेत, डीलर टूरला मी जाऊन आलेय, दुसऱ्या देशात पण असंच कॅसिनोवालं हॉटेल. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं छान असतं. कंपनीचा माणूस स्टेजवर नावं घेतो, ट्रॉफी देतो, जोडीने फोटो. त्यानंतर पुरुष मंडळी पाच मिनिटात आलो म्हणून खाली जातात. आम्ही सगळ्या बायका लॉबीत, पैठण्या नेसून, त्या मऊ सोफ्यांवर, एसीने गारठलेल्या. रूमची किल्ली एकच आणि ती ह्यांच्या खिशात. कोणाला तरी बोलवायला पाठवायचं तर आत पासपोर्ट दाखवावा लागतो, तो टूर मॅनेजरकडे जमा. एकवीसच्या खालच्याला सोडत नाहीत म्हणून एकीची लेक आमच्याजवळ झोपलेली. रात्री दोनला वर आले, चेहऱ्यावरूनच कळत होतं कोणाचं काय झालंय, आणि सकाळी नाश्त्याला ज्याचे गेले तो सगळ्यात मोठ्याने हसत होता.

त्यामुळे दादा न्या, जरूर न्या, पण किल्ल्या दोन घ्या. पासपोर्ट आपापल्या पर्समध्ये. आणि तिथे गेल्यावर बायकांचं बघू असं नको, इथूनच चार बायका मिळून एक गाडी ठरवा. कोलंबोत गंगारामया मंदिर हॉटेलपासून जवळ आहे, बुद्धाचं, आत इतक्या वस्तू भरून ठेवल्यात की संग्रहालय म्हणावं का मंदिर कळत नाही, दोन तास जातात. आणि सासूबाई म्हणतात ती अशोक वाटिका कोलंबोत नाही, नुवारा एलियाच्या पुढे सीता एलिया म्हणून गाव आहे, तिथे सीता अम्मनचं देऊळ ओढ्याच्या काठाला. कोलंबोहून गाडीने पाच-सहा तास, घाटाचा रस्ता, चहाचे मळे. एका दिवसात जाऊन येऊन होत नाही, जीव जाईल. मुक्काम करावा लागतो. कंपनीच्या प्लॅनमध्ये हे अजिबात नसणार, कारण डीलरला घाटात नेऊन त्यांचा काय फायदा.

तुमच्या सौ.ना माझ्याकडून सांगा, पंचवटीतून गेलेल्या बाईचं देऊळ तिकडे आहे, रावणाचं मला तरी कुठे दिसलं नाही.

ओझरवाला

वहिनी तुम्ही हार्डवेअरच्या टूरवर सगळं खापर फोडलं, आमचे टाईल्सवाले तर दहा वाजता झोपतात.

कॉलेजरोडची_वहिनी

टाईल्सवाल्यांच्या बायकांना विचारून सांगा.

मंगला_एक्सप्रेस

😂 ओझरवाले गप बसा आता.

एक राहिलं. आत जायचंच असेल, आणि जा, बघण्यासारखं असतं हे मी पण म्हणतो, तर चप्पल-बर्म्युडावर जाऊ नका, पायात बूट ठेवा. आत फोटो काढू देत नाहीत, स्टेटस टाकायचं असेल तर लॉबीतच उरकून घ्या. प्रत्येक टेबलावर कमीत कमी किती लावायचं त्याची पाटी असते, ती आधी वाचा, आकडा कुठल्या चलनात आहे ते पण वाचा. आमच्यातल्या एकाने श्रीलंकन रुपये समजून डॉलरच्या टेबलावर हात घातला होता, पत्ते वाटणाऱ्या मुलीनेच बिचारीने थांबवलं.

द्राक्षपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कंपनीच्या माणसाने पण सांगितलं नसतं. विचारलं तर म्हणतो सर तुम्ही फक्त एन्जॉय करा.

बुकिंग मोठ्या हॉटेलात आहे, सिनॅमन लाईफ. १९४आर चं विचारल्यावर तो जरा गडबडला, मग म्हणाला दहा टक्के आम्ही क्रेडिट नोटमधून ॲडजस्ट करू, म्हणजे माझ्याच खिशातून. सीए साहेब, तुमच्याकडे जुलैमध्ये मीच येणार असं दिसतंय. ग्रुपवर हवाला शब्द टाकला तर त्या चिप्सवाल्याने मेसेज डिलीट केला आणि मला पर्सनलवर भित्रा म्हणाला.

घरी सौ.ना वहिनींची कमेंट वाचून दाखवली. त्यांनी लगेच दोघी डीलर-बायकांना फोन लावले, आता त्या तिघींचं ठरलंय की पहिल्या रात्रीचा सत्कार आणि फोटो झाले की दुसऱ्या दिवशी सकाळीच नुवारा एलिया, एक मुक्काम तिकडे, आणि तिघींचे नवरे पण सोबत, कोणी विचारलं नाही आम्हाला. कंपनीवाला म्हणतो हॉटेलची ती रात्र वाया जाईल, रिफंड नाही. जाऊ दे म्हटलं. मी तो एक संध्याकाळचा तास आत जाऊन पत्ता दुमडणारी माणसं बघून येईन, मास्तरांनी सांगितलं तसं शून्य मोजून.

एकच विचारायचं राहिलं, तिकडे घाटात थंडी असते का? आईचं म्हणणं लंका म्हणजे उकाडाच, स्वेटर कशाला.

गोदाकाठ

कोलंबोत घामाच्या धारा, पण नुवारा एलिया १,८०० मीटरच्या वर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. रात्री चांगलंच गार होतं, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही न्या. गाडी लागणारं कोणी असेल तर गोळी कोलंबोतच द्या, वळणं सुरू झाल्यावर उपयोग नाही. आणि ड्रायव्हरला आधीच सांगा जेवायला शाकाहारी ठिकाणी थांब म्हणून, नाहीतर तो त्याच्या ओळखीच्या हॉटेलात नेतो आणि तिथे भाजीत पण सुक्या मासळीचा चुरा असतो.